उजवीकडे घेतलेलं वळण

संग्रहालयातल्या वस्तू खोटं बोलत नाहीत, असं विमान संग्रहालयाचे साहेब शाळेच्या मुलांना सांगायचे. साहेबांना सांगायला काय जातंय. त्यांनी काही त्या वस्तू दुरुस्त केल्या नव्हत्या. हँगरमध्ये उड्डाणाचा पोशाख चढवून ओळीने उभे असलेले वैमानिक म्हणजे बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून उचलून आणलेले पुतळे होते, आणि त्यातला टोकाचा, सगळ्यात रुबाबदार, हा मुळात बाई होता. मिस्त्रीने त्याच्या नखांचा लाल रंग खरवडून काढला, मिशी चिकटवली आणि कंबर भरलेली दिसावी म्हणून आतून जुनं पांघरूण गुंडाळलं. मुलं नेमकी त्याच्याच शेजारी उभी राहून फोटो काढून घेत. मिस्त्री लांबून बघायचा आणि चेहऱ्यावरची रेष हलू द्यायचा नाही.

मिस्त्री म्हणजे त्या संग्रहालयाचा एकुलता एक कारागीर. उभा जन्म बसच्या आगारात पत्रे ठोकण्यात आणि ब्रेक जोडण्यात गेला. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या पायात पायात यायला लागला, तेव्हा तिनेच त्याला इकडे पिटाळलं. या माणसाला वाकडं काही बघवायचं नाही. कुणाकडे जेवायला गेला तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय पाटावर बसायचा नाही, दार कुरकुरलं की खिशातून पेचकस निघालाच. "लोक आपल्याला जेवायला बोलावतात की डागडुजीला, तेच मला कळत नाही," असं बायको म्हणायची, आणि वर पुन्हा स्वतःच्या माहेरची खिळखिळी खुर्चीही त्याच्याकडूनच ठोकून घ्यायची.

संग्रहालयाची ही जागा म्हणजे जुना हवाई तळ, लढाईच्या काळात तो शिकाऊ मुलांचा होता. मिसरूड फुटलेली, कधी न फुटलेलीही, पोरं इथे यायची, पिवळ्या विमानांत बसून उडायला शिकायची आणि शिकून झाली की आघाडीवर रवाना व्हायची. सगळीच रवाना झाली नाहीत. हँगरच्या आतल्या भिंतीवर फोटोंची जी रांग आहे, त्यातल्या एकानेही शत्रू डोळ्यांनी पाहिला नव्हता. कुणी धुक्यात टेकडीवर आदळला, कुणी उतरताना उलटला. फोटोत मात्र सगळे हसतायत. त्या भिंतीवर एक जागा मोकळी होती आणि ती कुणाची, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नव्हतं.

ती घड्याळवाल्याच्या मुलाची जागा. गावचाच पोरगा, हुशार, दिसायला देखणा, गावातून तळावर घेतलेला एकटाच. त्याला पहिल्यांदा एकट्याने विमान न्यायला मिळालं त्या दिवशी उडाल्या उडाल्या विमान कललं आणि तळाच्या धुलाईच्या शेडवर जाऊन पडलं. शेडमध्ये तीन बायका वाफेत कपडे उकळत होत्या. त्यातली एक मिस्त्रीची आई.

मिस्त्री तेव्हा सहा वर्षांचा. आईचं त्याला फार काही आठवत नाही. पाण्याने पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं आठवतात, आणि तिच्या पदराला साबणाचा उग्र वास यायचा तो. बाकी आई म्हणजे वडिलांनी पुढे आयुष्यभर सांगितलेलं एक वाक्य. आकाशात विमान घरघरलं की वडील हातातला घास ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "त्या घड्याळवाल्याच्या कार्ट्याने मारलं तिला." मग घास उचलायचे. वडिलांनी स्वयंपाक कधी धड शिकला नाही, दुसरं लग्न केलं नाही आणि दुसरं वाक्यही शोधलं नाही. पोरगं ते ऐकत वाढलं. ज्या वयात मुलांच्या हाती चेंडू येतो, त्या वयात त्याच्या हाती राग आला आणि तो त्याने जिवापाड जपला.

गावात गोष्ट अशी होती. घड्याळवाल्याला मुलाच्या पाठीवर एक मुलगी, दहा वर्षांची. भाऊ एकटा उडणार म्हणून ती गच्चीवर लाल चादर घेऊन उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने हलवत सुटली. बहिणीला ऐट दाखवायला तो खाली आला, चादर बघून त्याचं भान सुटलं आणि विमान गेलं शेडवर. लढाईचे दिवस होते, चौकशी एका दुपारी आटोपली. चौकशी करणाऱ्यांनीही चादरीचंच लिहिलं, कारण गावभर तेच बोललं जात होतं आणि त्यांना संध्याकाळच्या आत दुसरीकडे जायचं होतं. मोडकं विमान तळाच्या कोपऱ्यात खड्डा खणून लोटून दिलं.

त्यानंतर घड्याळवाल्याकडे कुणी घड्याळ दुरुस्तीला नेईना. दुकान बंद पडलं, आईबाप पाठोपाठ गेले, मुलगी राहिली. तिने शिवणकाम धरलं. बाहेरगावचे लोक कपडे द्यायचे, गावातले फारसे नाहीत. तिचं लग्न झालं नाही. लोक तिला चादरवाली म्हणत. पुढे पुढे पोराबाळांनाही तिचं तेच नाव माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. काहींना वाटायचं, ही चादरी शिवते.

आणि इतकी वर्षं उलटल्यावर गाड्या लावायच्या जागेसाठी तळाचा तो कोपरा खणायला घेतला, तेव्हा मजुरांच्या फावड्याला पत्रा लागला. दोन दिवसांत पंख निघाला, धड निघालं, चिखल धुतल्यावर शेपटीवरचा नंबर निघाला. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. ते स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले. बाकीची विमानं कुठून कुठून मागून आणलेली होती, हे याच मातीतलं होतं. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं, खुर्चीत बसवलं, आणि मग त्यांना आठवलं असावं की हा कुणाचा मुलगा आहे.

"तुम्हाला जड जात असेल तर बाहेरून माणूस आणू," साहेब म्हणाले.

"बाहेरचा माणूस वाट लावेल," मिस्त्री म्हणाला. "मी करतो."

घरी बायको भडकली. "तुमच्या आईचा जीव घेतलेलं यंत्र ते. त्याला चोळूनमोळून काय उजळताय?"

"लोकांना दिसू दे ना," तो म्हणाला. "त्याने काय करून ठेवलं ते दिसू दे." दुसऱ्या दिवशी डबा देताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

काम त्याने जीव ओतून केलं. रागाने केलेलं काम कधी कधी मायेने केलेल्या कामापेक्षा देखणं होतं. पिचलेला पत्रा ठोकून सरळ केला, फाटलेल्या पंखांवर नवं कापड चढवलं, दुसऱ्या एका सांगाड्याची चाकं बसवली. बैठकीखाली हात घातला तेव्हा त्याला पंखांच्या तारा दिसल्या. वैमानिकाच्या पुढ्यात एक दांडी असते. ती ज्या बाजूला कलवाल त्या बाजूला विमान कलतं, कारण दांडीच्या बुडातून दोन तारा निघून दोन पंखांच्या कडेच्या, वरखाली हलणाऱ्या फळ्यांपर्यंत जातात. या दोन तारांची अदलाबदल झालेली होती. डावी उजव्या कडीत आणि उजवी डाव्या कडीत. खड्ड्यात लोटताना कुणीतरी ओढाताण केली असेल, असं म्हणत त्याने पेचावर पिळून बांधलेली बारीक तार कातरीने तोडली, कुजलेल्या तारा काढून ढिगावर फेकल्या आणि नव्या तारा जागच्या जागी नीट लावून दिल्या. त्यात विचार असा काही झालाच नाही. जे उलट होतं ते सुलट झालं. आठवड्याने भंगारवाला आला आणि ढीग घेऊन गेला.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा साहेबांनी चादरवालीकडे निरोप धाडला. भावाचा फोटो असेल तर द्यावा, भिंतीवरची मोकळी जागा भरू. ती भर दुपारी कापडी पिशवी घेऊन आली. साहेब जेवायला गेले होते. मिस्त्री शिडीवर चढून शेपटीवर नंबर रंगवत होता.

"साहेब आहेत का?"

"येतील. तिकडे बाकावर बसा."

ती बाकावर बसली नाही. विमानापाशी आली आणि दोन हात लांब उभी राहिली. चष्मा दोऱ्याने बांधलेला, बोटांना सुईची भोकं, अंगावर धुऊन धुऊन रंग गेलेलं लुगडं. या बाईचा आपण जन्मभर राग केला आणि इतक्या जवळून तिला कधी पाहिलं नाही, असं मिस्त्रीच्या मनात आलं. आलं तसं त्याने ते झटकलं.

"रंग असाच होता," ती म्हणाली. मग भिंतीला टेकवून ठेवलेली पाटी तिने वाकून वाचली. गावातील लोकांना ऐट दाखवण्याच्या मोहात शिकाऊ वैमानिकाने कमी उंचीवर घेतलेल्या धोकादायक वळणामुळे, असं पाटीवर होतं. खाली तिन्ही बायकांची नावं. ती नावांवर येऊन थांबली.

"यातल्या एक तुमच्या आई ना," ती म्हणाली. "मी आले होते तुमच्याकडे तेव्हा. तुमच्या वडिलांनी दार लावून घेतलं. त्यांचं बरोबरच होतं म्हणा."

मिस्त्री ब्रश चालवत राहिला.

"एक विचारू का, मिस्त्री? रागावू नका. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. आमचं घर या अंगाला." तिने उजव्या भिंतीकडे हात केला. "तेव्हा इथून उठलेलं प्रत्येक विमान उजवीकडेच वळायचं, आमच्या घरावरून. त्यांचा तो रस्ताच होता. रोज बघायचे मी. म्हणून तर तो म्हणाला, गच्चीवर उभी राहा, मी तुझ्या डोक्यावरूनच जाणार आहे. शेड डावीकडे होती. मग तो डावीकडे कसा गेला?"

"भान सुटलं असेल."

"सगळे हेच म्हणतात. चादर बघून भान सुटलं. मीही तेच धरून चालले, चादर मीच हलवली होती ना. पण भान सुटून माणूस चादरीकडे येईल. चादरीकडे पाठ करून कसा जाईल? एवढं एक मला कधी कुणी सांगितलं नाही. आणि मी तरी कुणाला विचारणार?"

"घाबरला असेल," मिस्त्री म्हणाला.

"असेलही. सकाळी तरी हसत होता. सायकलवरून घरी येऊन गेला. म्हणाला, कालच दुरुस्ती होऊन आलेलं विमान मला दिलंय, अजून कुणी बसलेलंसुद्धा नाही त्यात."

मिस्त्रीचा ब्रश थांबला. त्याच्या बोटांना काहीतरी आठवलं होतं. पेचावरची ती बारीक तार. पेच सैल पडू नये म्हणून जोडारी ती शेवटी पिळून बांधतो, आणि ती तोडल्याशिवाय खालची तार निघत नाही. आपण ती तोडली तेव्हा ती अखंड होती. गंजलेली, पण जागच्या जागी, पिळाला पीळ बसलेली. खड्ड्यात लोटताना तारा बदलल्या असत्या तर ती तुटलेली असती. ती तुटलेली नव्हती. म्हणजे विमान दुरुस्तीहून आलं तेच तसं. पोराने दांडी उजवीकडे घेतली आणि विमान डावीकडे कललं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. फोटो ठेवून जा, मी देतो साहेबांना."

तिने पिशवीतून फोटो काढला, पदराने पुसून बाकावर ठेवला आणि गेली. मिस्त्री शिडीवरून खाली उतरला आणि तिथेच फरशीवर बसला.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती धान्य निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मग सांगून टाका तिला."

"काय सांगू? की खूण होती आणि ती मीच कापून भंगारात घातली?"

"हो. तेच सांगा."

"तुला सोपं वाटतं." मग तो जे बोलला ते त्याला स्वतःलाही बोलायचं नव्हतं. "माझ्या आईला कुणी मारलं हे मला ठाऊक होतं. तेवढं तरी ठाऊक होतं. आता कुणाच्या नावाने बोटं मोडू? कुणीतरी जोडारी असणार. कंटाळलेला, झोप न झालेला, माझ्यासारखाच. आणि त्याचं काम तपासायचं तो कुणीतरी न बघता सही करून मोकळा झाला असणार."

"शिव्या द्यायला माणूस हवा म्हणून त्या पोराला अजून डांबून ठेवणार का?" बायको म्हणाली. "तो मेला बिचारा. ती जिवंत आहे." तिने ताट पुढे ओढलं आणि पुन्हा निवडायला लागली. मिस्त्री त्या रात्री जेवला नाही.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना समजायला वेळ लागला नाही, अर्ध्यातच त्यांनी डोळे मिटले.

"तारा कुठे आहेत?"

"भंगारात गेल्या. वितळल्याही असतील."

"काढण्याआधी फोटो घेतला होता?"

"नाही."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. मग सावरून म्हणाले, "मिस्त्री, माझा तुमच्यावर विश्वास आहे. खोटं बोलून तुमचा काही फायदा नाही, उलट तोटाच आहे. पण पाटीवर काय लिहू? आमच्या मिस्त्रींच्या हाताला असं आठवतं, म्हणून लिहू?"

"लिहा."

"वरचे लोक पहिलं विचारतील, मूळ तारा का काढल्या. दुसरं विचारतील, आज विमानात काय दिसतं. काय दिसतं आज? दोन्ही तारा बरोबर. दांडी उजवीकडे केली की विमान उजवीकडे. तुमचं हे विमानच सांगतंय की यंत्रात काही दोष नव्हता, चूक पोराची." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही फार चांगलं काम केलंत हो. तोच घोटाळा झाला."

"तिला तरी सांगू का?"

"सांगा. पण ती विचारेल, कशावरून. मग काय दाखवाल?"

मिस्त्री बाहेर आला. जन्मात कुणाचं इतकं नुकसान आपल्या हातून झालं नव्हतं, आणि ते झालं ते काम नीट केल्यामुळे. आगारात चुकीचा ब्रेक लावला असता तर लोकांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. इथे शिव्या घालणारंही कुणी नव्हतं. हँगरमध्ये ते पिवळं विमान लख्ख उभं होतं आणि त्याला त्याच्याकडे बघवेना.

सुट्टीच्या दिवशी संग्रहालय बंद असतं. किल्ली त्याच्याकडेच होती. सकाळी तो एकटाच गेला, बैठक काढली, पालथा पडून बैठकीखाली हात घातला आणि तारा सोडवल्या. त्या उलट लावायच्या होत्या. एवढं साधं काम, पण पहिल्या खेपेला हातांनी त्या परत बरोबरच लावल्या. त्याला कळलं ते पेच आवळताना. त्याने पुन्हा सोडवल्या. या वेळी एक एक तार बोटाने माग काढत, तोंडाने डावी उजवीत, उजवी डावीत असं पुटपुटत लावली. आयुष्यात समजून उमजून केलेलं हे त्याचं पहिलं चुकीचं काम. वरून बारीक तार पिळून बांधली, आणि मग तसाच तेलकट हातांनी तिच्या घरी गेला.

ती मशीनवर बसली होती. दारात त्याला बघून उठली.

"ताई, जरा चला माझ्याबरोबर," तो म्हणाला.

त्याने तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. ती काही न विचारता चपला घालून निघाली. वाटेत त्याने सांगायला सुरुवात केली आणि हँगरचं दार येईपर्यंत सगळं सांगून टाकलं. बारीक तारेचं, कातरीचं, भंगारवाल्याचं, साहेब काय म्हणाले त्याचं. काही राखलं नाही. ती खाली मान घालून चालत होती.

"तुम्ही माझी समजूत काढताय," दारापाशी ती म्हणाली. "तुमचं मन मोठं आहे. पण या वयात आता समजूत नको, मिस्त्री. मला सवय झालीय."

"माझं मन बिन काही मोठं नाही. तुमच्या भावाबद्दल मी आजवर एक चांगला शब्द काढला नाही. वर चढा."

त्याने स्टूल लावलं, हाताला धरून तिला चढवलं. म्हातारी मोठ्या कष्टाने आत उतरली आणि बसली. त्या खळग्यात ती इतकीशी दिसत होती की बाहेरून फक्त पांढरे केस आणि चष्मा दिसावा. मिस्त्री उजव्या पंखाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला.

"पुढ्यात दांडी आहे बघा. धरली? तुम्हाला घरावरून जायचंय. उजवीकडे. दांडी उजवीकडे ढकला आणि माझ्याकडे बघा. ही कडेची फळी वर उठली पाहिजे. ती उठली की हा पंख खाली जातो आणि विमान तुमच्या घराकडे वळतं."

तिने ढकलली. फळी खाली गेली.

"खाली गेली," ती म्हणाली.

"खाली गेली म्हणजे हा पंख वर उचलला गेला आणि पलीकडचा पडला. तुम्ही वळवताय घराकडे, ते कलतंय शेडकडे. आता काय कराल?"

तिने दोन्ही हातांनी दांडी धरून आणखी उजवीकडे दाबली. फळी आणखी खाली गेली. शेवटपर्यंत गेली आणि अडली.

"जमिनीपासून फार उंचही नव्हता तो," मिस्त्री म्हणाला. "उडण्याआधी दांडी हलवून बघायची असते. त्याने हलवली असणार. मोकळी हलते, एवढं नवा पोरगा बघतो. कुठली फळी कुठे जाते, ते बघायला बाहेर कुणीतरी उभं असावं लागतं. चादरीचा काही संबंध नव्हता, ताई. त्याला दिसली असेल नाहीतर नसेल. तो नेहमीच्या रस्त्याने निघाला होता. आणि शेड दिसली तेव्हा शेडपासून लांब जायला बघत होता. माझ्या आईपासून लांब जायला बघत होता. जेवढं लांब जायला बघितलं तेवढं ते तिच्या अंगावर गेलं."

हे शेवटचं बोलताना तो रडत होता. आईसाठी की त्या पोरासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. सहा वर्षांचा असल्यापासून ज्या माणसाचा राग केला, तो माणूस शेवटच्या क्षणी त्याच्या आईला वाचवायला धडपडत होता, आणि हे त्याला आत्ता, म्हातारपणी, स्वतःच्याच तोंडून ऐकावं लागत होतं.

बराच वेळ ती नुसती दांडी हलवत होती. उजवीकडे घ्यायची, फळीकडे बघायची, मध्ये आणायची, पुन्हा उजवीकडे.

"पाटी बदलणार नाही म्हणता," ती म्हणाली.

"साहेब म्हणतात, पुरावा नाही. मी पुन्हा जाईन त्यांच्याकडे. वरच्या लोकांकडेही जाईन. मीच काढल्या तारा असं लिहून देईन."

"पाटीचं राहू द्या. पाटी वाचणारे आता कोण उरलेत." तिने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मिस्त्रीला वाटलं, आता हिच्या छातीवरचा दगड उतरेल. इतकी वर्षं ही बाई त्या चादरीखाली दबून जगली, आता मोकळा श्वास घेईल. त्यासाठीच तर त्याने तिला इथे आणलं होतं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तारा उलट्या आहेत हे त्याला कळलं असेल का?"

"नाही. तेवढा वेळच नव्हता. मोठ्या मोठ्यांना कळत नाही."

"म्हणजे आपण बरोबर करतोय, हे त्याला माहीतच नव्हतं." तिने पुन्हा दांडी धरली. "शिकवलं होतं तसं करत होता, आणि खाली बायकांची शेड दिसत होती, आणि त्याला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय. हे वाटत असतानाच गेला तो."

मिस्त्रीने तोंड उघडलं. काहीतरी बरं, धीराचं बोलावं असं त्याच्या फार मनात होतं. पण इतक्या वर्षांनी तिला कुणीतरी खरं सांगत होतं, ते शेवटपर्यंत खरंच सांगणं त्याला भाग होतं.

"हो, ताई," तो म्हणाला. "तसंच वाटलं असेल त्याला."

ती खाली उतरेना. तिने दांडी उजवीकडे घट्ट दाबून धरली होती, आणि मिस्त्री पंखापाशी उभा राहून, तिने सोडायची वाट बघत होता.